पिन बसली, चित्र का दिसेना?

बहुतेक शाळांच्या संगणक-कक्षात एक अडगळीचे कपाट असते. त्यात जुने मॉनिटर, एखादा प्रोजेक्टर आणि एकमेकींत गुंतलेल्या केबलींचा जुडगा पडलेला असतो. नवा संगणक येतो तेव्हा त्याच्या पाठीमागे एचडीएमआयची चपटी खोबण असते. जुन्या मॉनिटरच्या केबलीला मात्र पंधरा पिनांचा निळा जोड असतो. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. मग ‘हा मॉनिटर आता निकामी’ असे ठरते आणि तो भंगाराच्या वाटेला लागतो. वास्तविक मॉनिटर धडधाकट असतो. संगणक काय म्हणतो आहे ते त्याला कळत नाही, इतकेच.

अशा वेळी मध्यस्थाचे काम करतो तो अडॅप्टर. काही अडॅप्टर दोन-चार रोधक जोडून शाळेच्या प्रयोगशाळेत तयार करता येतात. काहींना एकात्म मंडल, म्हणजे चिप, लागते आणि ते विकतच घ्यावे लागतात. काही जोडण्या तर पिन अगदी बरोबर बसूनही चालत नाहीत. यातली कोणती जोडणी कोणत्या प्रकारची, हे ओळखायला दहावीचा ओहमचा नियम आणि थोडा विचार पुरेसा आहे. तेच आज आपण पाहू या.

ओळीओळीने काढलेले चित्र

पुस्तक वाचताना आपली नजर डावीकडून उजवीकडे जाते, ओळ संपली की झटकन परत येते आणि खालची ओळ धरते. दूरचित्रवाणीचे चित्रही असेच ओळीओळीने पडद्यावर उमटते. भारतात दूरचित्रवाणी १९५९ साली दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्याकडे स्वीकारलेल्या पद्धतीत एका पूर्ण चित्राच्या ६२५ ओळी असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे पाठवली जातात. म्हणजे सेकंदाला ६२५ × २५ = १५,६२५ ओळी. एका ओळीच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात. त्यांतले सुमारे ५२ प्रत्यक्ष चित्रासाठी आणि उरलेले परतीच्या फेरीसाठी.

ओळ कुठे सुरू झाली हे संचाला कसे कळते? भजनात गाणारा, पखवाजवाला आणि टाळकरी आपापले काम करीत असतात, पण समेवर सगळे एकत्र येतात. इथेही तशी एक सम ठेवलेली असते. चित्राचा उजेड-अंधार ० ते ०.७ व्होल्टच्या चढउतारातून सांगितला जातो. प्रत्येक ओळीच्या शेवटी हा दाब क्षणभर शून्याच्याही खाली ०.३ व्होल्टने उतरतो. हा खळगा म्हणजे समकालन स्पंद. तो दिसताच संच नवी ओळ सुरू करतो. चित्र आणि समकालन मिळून एक व्होल्टचा हा संकेत एकाच तारेतून जातो, म्हणून त्याला मिश्र संकेत म्हणतात. जुन्या टीव्हीच्या पिवळ्या खोबणीत जातो तो हाच. रंगाची माहितीही त्यातच ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर बसवलेली असते.

एकाच यंत्राची तीन दारे

भारतातील शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ साली ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळा त्यात होत्या. त्यासाठी निवडलेले यंत्र म्हणजे ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीने १९८१ साली आणलेला बीबीसी मायक्रो. या यंत्राच्या पाठीमागे चित्रासाठी तीन वेगवेगळी दारे होती, आणि आपला आजचा धडा त्या तिन्हींत मिळून सामावला आहे.

पहिले दार टीव्हीच्या अँटेनाच्या खोबणीसाठी होते. यात मिश्र संकेत एका उच्च वारंवारतेच्या वाहक लहरीवर चढवला जाई, म्हणजे संगणक हे जणू एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच होई. टीव्हीने ती लहर पकडायची आणि तिच्यावरून चित्र पुन्हा उतरवून घ्यायचे. दुसऱ्या दारातून मिश्र संकेत वाहक लहरीवर न चढवता थेट बाहेर येई. तिसऱ्या दारातून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून, आणि समकालन चौथ्या तारेतून मिळे.

चित्र सर्वांत स्वच्छ कुठे दिसत असेल? अर्थात तिसऱ्या दाराशी. माहिती एकदा मिसळली की ती पुन्हा वेगळी करताना काही ना काही सांडतेच. हे किती सांडते याचा हिशेब करता येतो. साध्या टीव्हीच्या चित्रमार्गातून फार तर ५ मेगाहर्ट्झपर्यंतचे चढउतार नीट जातात. एका आवर्तनात एक उजळ आणि एक काळा असे दोन ठिपके मावतात. ५२ मायक्रोसेकंदांत ५ × ५२ = २६० आवर्तने, म्हणजे ५२० ठिपके. एका अक्षराला ८ ठिपके धरले तर ४० अक्षरांच्या ओळीला ३२० ठिपके लागतात; ते आरामात मावतात. ८० अक्षरांना ६४० लागतात. ते मावत नाहीत आणि अक्षरे एकमेकांत विरघळतात. रास्पबेरी पायच्या काही मॉडेलांना मिश्र संकेताची सोय आहे. त्यावर जुना टीव्ही जोडायचा असेल तर अक्षरे मोठी ठेवा, असे सांगतात त्याचे कारण हेच.

दाब जुळवणे: ओहमच्या नियमाचे काम

बीबीसी मायक्रोच्या तिसऱ्या दारातील रंग अंकीय होते. तार एकतर ‘चालू’, म्हणजे जवळजवळ ५ व्होल्ट, नाहीतर ‘बंद’, म्हणजे जवळजवळ शून्य. तीन तारा, प्रत्येकीच्या दोन अवस्था; म्हणून २ × २ × २ = ८ रंग. याउलट आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए पद्धतीत प्रत्येक रंगाचा दाब ० ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान कितीही असू शकतो. यालाच सदृश किंवा अ‍ॅनॅलॉग संकेत म्हणतात. त्या व्हीजीएत प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्या होत्या. ६४ × ६४ × ६४ म्हणजे २,६२,१४४ छटा झाल्या.

आता समजा, ५ व्होल्टचा अंकीय रंग ०.७ व्होल्ट मागणाऱ्या खोबणीत न्यायचा आहे. थेट जोडला तर सातपट दाब जाईल आणि आतले मंडल बिघडू शकेल. मॉनिटरच्या आत प्रत्येक रंगाच्या तारेला ७५ ओहमचा रोध जोडलेला असतो. आपण बाहेर आणखी एक रोधक एकसर जोडला की दाबाची वाटणी होते. ७५ ओहमवर ०.७ व्होल्ट यावेत आणि बाकीचे ४.३ व्होल्ट आपल्या रोधकावर पडावेत, तर

रोध = ७५ × ४.३ ÷ ०.७ = सुमारे ४६१ ओहम.

बाजारात ४७० ओहमचा रोधक मिळतो. तो वापरला तर मॉनिटरला ५ × ७५ ÷ ५४५ = ०.६९ व्होल्ट मिळतील. तीन रंगांना तीन रोधक. दाबापुरता अडॅप्टर तयार!

लाट कुठे जिरते, कुठे परतते

पण मॉनिटरच्या आत तो ७५ ओहमचा रोध ठेवलाच कशाला? त्याचे उत्तर मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की सापडते. कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गचे बांधकाम सुरू झाले. त्याच्या उभ्या तटावर लाट आपटते आणि मागे फिरते. येणारी आणि परतणारी लाट मिळून पाणी खळबळते. तीच लाट तारकर्लीच्या उतरत्या पुळणीवर चढली तर हळूहळू तिची शक्ती जिरते. परतायला फारसे काही उरत नाही.

केबलीतून जाणारा संकेतही लाटच आहे. केबल मोकळ्या टोकाशी संपली तर ते टोक तटाचे काम करते आणि संकेत मागे फिरतो. केबलीच्या स्वतःच्या गुणाशी जुळणारा रोध टोकाला असेल तर तो पुळणीचे काम करतो. चित्रसंकेताच्या केबली ७५ ओहमच्या असतात, म्हणून टोकाचा रोधही ७५ ओहमचा.

जुळणी नसेल तर काय होईल? केबलीत संकेत सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर वेगाने जातो. वर्गाच्या छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत १० मीटर केबल असेल, आणि संकेत दोन्ही टोकांवरून परतत असेल, तर २० मीटरच्या जादा फेरीला १०० नॅनोसेकंद लागतील. ६४० × ४८० ठिपक्यांच्या चित्रात एक ठिपका सुमारे ४० नॅनोसेकंदांचा असतो. म्हणून प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे अडीच ठिपक्यांवर त्याची फिकट सावली दिसेल. अशी सावली दिसली की पडद्याला दोष देण्याआधी केबल आणि तिचे जोड तपासावेत.

ताल जुळत नसेल तर

आपण दाब जुळवला, रोध जुळवला. आता बीबीसी मायक्रोचे तीन रंग व्हीजीए मॉनिटरवर दिसतील का? नाही. कारण व्हीजीएची लय वेगळी आहे. तिच्या मूळ पद्धतीत एका ओळीत, परतीचा वेळ धरून, ८०० ठिपके आणि एका चित्रात ५२५ ओळी मोजतात. ठिपक्यांचा वेग सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार. त्याला ८०० ने भागा: सेकंदाला सुमारे ३१,४६९ ओळी. टीव्हीच्या १५,६२५ च्या हे दुपटीहून थोडे जास्त आहे. बहुतेक व्हीजीए मॉनिटर सेकंदाला ३० हजारांपेक्षा कमी ओळी स्वीकारतच नाहीत. ते पडदा काळा ठेवतात किंवा ‘मर्यादेबाहेर’ अशी सूचना दाखवतात. फार जुन्या, एकाच तालाच्या मॉनिटरला भलताच ताल दिल्यास त्यात बिघाडही होऊ शकतो.

हा ताल कोणत्याही रोधकाने बदलत नाही. रोधक दाब कमी करतो; वेळ बदलत नाही. ताल बदलायचा तर येणारे चित्र कुठेतरी साठवून ठेवावे लागते आणि नव्या लयीत पुन्हा वाचावे लागते. ६४० × ४८० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे तीन बाइट. म्हणजे एका चित्राला ९,२१,६०० बाइट स्मृती हवी. म्हणूनच व्हीजीएचे चित्र टीव्हीवर दाखवणाऱ्या डबीत स्मृती आणि चिप असते. नुसती तार जोडून केलेली ‘व्हीजीए ते पिवळी पिन’ अशी केबल मिळाली तरी साध्या संगणकावर ती चालणार नाही. संगणकच टीव्हीच्या तालात संकेत देत असेल, तरच तिचा उपयोग.

आकड्यांची भाषा

एचडीएमआयमध्ये, जिचे पहिले प्रमाणक २००२ साली ठरले, दाबाच्या चढउतारातून उजेड सांगितला जात नाही. प्रत्येक ठिपक्याच्या प्रत्येक रंगाचा आकडा शून्य आणि एक यांच्या रूपात जातो. ८ बिटांचा आकडा विश्वासाने पोहोचावा म्हणून तो १० बिटांत बांधून पाठवतात. १९२० × १०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना तारांच्या एकेका जोडीतून सेकंदाला सुमारे १४८ कोटी बिट धावतात. ते वाचून त्यांचे ० ते ०.७ व्होल्टमध्ये रूपांतर करणे हे चिपचेच काम. म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए हा अडॅप्टर घरी बांधण्याच्या भानगडीत पडू नये. तो विकत घ्यावा. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दिशा. ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ आणि ‘व्हीजीएकडून एचडीएमआयकडे’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. उलटी जोडून चालत नाही.

दुसरी, वीज. आतल्या चिपला लागणारा प्रवाह एचडीएमआयच्या खोबणीतून थोडाच मिळतो. चित्र येऊन-जाऊन राहत असेल तर बाहेरून ५ व्होल्ट देण्याची सोय असलेला अडॅप्टर घ्यावा.

तिसरी, आवाज. व्हीजीएच्या तारांत आवाजाला जागाच नाही. धडा ऐकवायचा असेल तर आवाजाची वेगळी खोबण असलेला अडॅप्टर लागेल.

चौथी, ओळख. बऱ्याच मॉनिटरमध्ये ‘मला काय काय दाखवता येते’ ही माहिती १२८ बाइटांत लिहिलेली असते आणि व्हीजीएच्या १२ व १५ क्रमांकाच्या पिनांतून संगणक ती वाचतो. यांतली एक पिन वाकली की संगणक अंदाजाने चित्र पाठवतो आणि पडदा काळा राहतो. अशा वेळी संगणकात १०२४ × ७६८ सारखे लहान माप हाताने निवडून पाहावे.

करून पाहा: चार पायऱ्यांचा रंग

अंकीय दाबापासून सदृश दाब कसा होतो, हे दोन कोरड्या घटांवर पाहता येते. साहित्य: दोन घट, म्हणजे ३ व्होल्ट, ४३०, ८२० आणि ७५ ओहमचा एकेक रोधक, दोन दुहेरी कळा, आणि मल्टिमीटर. ४३० ओहमचा मिळाला नाही तर ३९० आणि ३९ ओहमचे एकसर जोडा.

७५ ओहमचे एक टोक घटाच्या ऋण टोकाला जोडा. त्याच्या दुसऱ्या टोकाला ४३० आणि ८२० या दोघांचे एकेक टोक जोडा. त्यांची उरलेली टोके एकेका कळेवर न्या. कळ एका बाजूला केली की रोधक घटाच्या धन टोकाला आणि दुसऱ्या बाजूला केली की ऋण टोकाला जोडला गेला पाहिजे; मोकळा राहता कामा नये. आता ७५ ओहमवरचा दाब मोजा. दोन्ही कळा ऋण बाजूला असताना शून्य, फक्त ८२० धन असताना सुमारे ०.२२, फक्त ४३० असताना ०.४१ आणि दोन्ही असताना ०.६३ व्होल्ट येतील. नव्या घटांवर हे आकडे किंचित जास्त येतील. पायऱ्या जवळजवळ सारख्या आहेत हे पाहा. ४३० चा रोध ८२० च्या जवळजवळ निम्मा, म्हणून त्याचे वजन दुप्पट.

हीच जोडणी तीन रंगांसाठी तीनदा केली आणि कळांच्या जागी रास्पबेरी पाय पिकोसारख्या ३.३ व्होल्टच्या नियंत्रकाच्या सहा पिना आणल्या की व्हीजीए मॉनिटरसाठी ४ × ४ × ४ = ६४ रंग मिळतात. मात्र इथे बाहेर ७५ ओहमचा रोधक लावू नये. तो मॉनिटरच्या आत आहेच. दोन्ही पिना चालू असताना त्याला ०.६९ व्होल्ट मिळतील. व्हीजीए जोडाची १ क्रमांकाची पिन लाल, २ हिरवी, ३ निळी. ६, ७ आणि ८ त्यांच्या परतीच्या तारा. १० समकालनाची परतीची तार. १३ ओळीची सम आणि १४ चित्राची सम. परतीच्या सर्व तारा नियंत्रकाच्या ऋण टोकाला जोडा. समकालनाच्या दोन तारांना नियंत्रकाचे ३.३ व्होल्ट चालतात. ६४० × ४८० चा ताल देणारे तयार प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. याच तत्त्वावर गर्ट व्हान लो या अभियंत्याने २०१४ साली रास्पबेरी पायसाठी एक अडॅप्टर तयार केला. त्यात एकही चिप नाही, नुसते रोधक आहेत. प्रत्येक रंगाला सहा. प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्या झाल्या, म्हणजे १९८७ च्या व्हीजीएइतक्याच छटा!

खारी हवा आणि तीन रंग

किनाऱ्यावरच्या शाळांना एक जादा शत्रू आहे, तो म्हणजे खारी, दमट हवा. मिठाचा सूक्ष्म थर हवेतले पाणी ओढून घेतो आणि तांब्या-पितळेच्या पिनांवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यात महिनाभर न वापरलेल्या केबलीत एखाद्या पिनेचा संपर्क तुटलेला असणे यात नवल नाही. कोणती पिन तुटली ते पडदाच सांगतो. पांढऱ्या पानाला आकाशी झाक आली तर लाल तुटला. जांभळट गुलाबी आली तर हिरवा. पिवळी आली तर निळा. वीज बंद करून, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी जोड साफ केला, तर नवा मॉनिटर घेण्याचा खर्च अनेकदा वाचतो.

मात्र एक मर्यादा कधीही ओलांडू नका. काचेच्या नळीचा टीव्ही किंवा मॉनिटर उघडू नका. रंगीत नळीला २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. शिवाय जुन्या काही टीव्हींचा आतला धातूचा सांगाडा थेट घरातल्या विजेच्या तारेला जोडलेला असे. अशा संचाला चित्राची खोबण नसेल तर आत तार डाखून ती बनवण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. खरोखरच निकामी झालेला असा संच फोडूही नका, कारण त्याच्या काचेत शिसे असते. तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा.

थोडक्यात, कपाटातला मॉनिटर बाहेर काढलात की चार प्रश्न विचारा. संकेत अंकीय की सदृश? रंग वेगळे की मिसळलेले? दाब आणि रोध किती? ताल किती? फक्त तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जुळत नसेल तर काम रोधकांवर भागेल. चौथे जुळत नसेल तर स्मृती हवी, आणि पहिले किंवा दुसरे जुळत नसेल तर बहुधा चिप.

विचार करा

१. वरच्या सहा पिनांच्या जोडणीत नियंत्रक ३.३ ऐवजी ५ व्होल्टचा असेल, तर एका रंगाचे दोन रोधक किती ओहमचे घ्याल?

२. केबल २० मीटरची असेल, तर अक्षराची सावली किती ठिपक्यांवर दिसेल?

३. पडद्यावर पांढरे पान हिरवे दिसत आहे. कोणकोणत्या पिना तपासाल?